तिच्या बॅगेतलं निळं पाणी

मी आयुष्यात एकाच माणसाच्या बॅगेची झडती घेतली आहे. ती बॅग लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीची होती. तिच्यात निघालं काय, तर दोन रिकामे डबे, एक ओढणी आणि निळ्या पाण्याची एक छोटी बाटली. दोन डब्यांपैकी एक माझा असायचा. तिची आई रोज माझ्यासाठीही काहीतरी पाठवायची, आणि दुपारी ते खाऊन संध्याकाळी मी तिच्याच बॅगेत हात घातला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकताना तुम्ही उगाच माझी बाजू घ्याल.

रायपूर तेव्हा नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. रोज कुठेतरी नवी पाटी लागायची, रोज एखादा रस्ता खोदलेला असायचा. बाहेरून माणसं येत होती, आणि आमच्या चौबे कॉलनीतल्या घरी बाबांनी याचा एकच अर्थ काढला, तो म्हणजे दाराला दुसरं कुलूप. बाबा मूळचे अमरावतीकडचे, रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेले, आणि संशय हा त्यांचा पेन्शनीतला उद्योग. कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहायचे, चौकापर्यंत जायचे, आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचे. "राजधानी झाली म्हणजे चोरायलेही प्रमोशन भेटलं," म्हणायचे. आई हसायची. मी हसायचे नाही, मला ते पटायचं. बापाचं नाक आणि बापाचा संशय, दोन्ही माझ्याकडे जशीच्या तशी आली आहेत.

मी एका कॉलेजात पीएचडी करत होते, कॅन्सरच्या औषधांवर. औषध हा मोठा शब्द झाला. आम्ही जे बनवायचो त्यातलं शंभरात एकही औषधाच्या दुकानापर्यंत पोचायचं नाही, पण घरी सांगताना तसंच सांगावं लागायचं. कल्पना सोपी होती. एका रेणूत कॅन्सरच्या पेशीला छळणारा एक तुकडा असतो, दुसऱ्या रेणूत वेगळ्या रीतीनं छळणारा दुसरा. दोघांना मधल्या दुव्यानं जोडायचं आणि एकच रेणू करायचा. त्याला हायब्रिड म्हणतात. माझा एक तुकडा मलेरियाच्या जुन्या गोळीच्या घराण्यातला होता आणि दुसरा हळदीच्या नात्यातला. कुठला तुकडा कुठल्या टोकाला, मधला दुवा किती लांब, याची चित्रं मी वहीच्या वह्या भरून काढायचे. बाबांना समजावलं तर म्हणाले, "म्हणजे सोयरीक जुळवून राहिली तू."

अगदी सोयरीकच. आणि या सोयरिकीतला मध्यस्थ म्हणजे तांबं. मोरचुदाची चिमूट टाकली की एरवी एकमेकांकडे ढुंकून न पाहणारे तुकडे पटकन जुळायचे. मग लग्न लागलं की मध्यस्थाला घरी पाठवायचं, म्हणजे माल धुऊन, गाळून त्यातलं तांबं पार काढून टाकायचं. कारण तांबं स्वतःच पेशी मारतं. ते आत राहिलं तर मारलं कुणी, रेणूनं की तांब्यानं, हे कळायला मार्ग नाही. हे पहिल्या वर्षाच्या पोट्ट्यालाही ठाऊक असतं. मलाही होतं.

आता तिच्याबद्दल. ती रेल्वे कॉलनीतली. वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर, भंडाऱ्याकडून आलेलं बौद्ध कुटुंब. घरात एमएस्सी झालेली ती पहिलीच. आमच्या सरांकडे ती एका वर्षाच्या बोलीवर असिस्टंट म्हणून लागली होती. एप्रिलमध्ये सरांनी कागदावर सही केली तर वर्ष वाढणार होतं, आणि त्या वाढीव वर्षात तिची पीएचडीची नोंदणी होणार होती. सही नाही झाली, तर घरचे पुण्याकडचं एक स्थळ धरून बसलेच होते. हे तिनंच मला सांगितलेलं, फरे खाता खाता. तांदळाच्या पिठाचे ते वाफवलेले फरे तिची आई असे करायची की बस. "मले एक साल पाहिजे फक्त. मग पाह्यजो," ती म्हणायची. हातानं इतकी स्वच्छ होती की तिच्या टेबलावर जेवावं. आणि बोलायला तिखट. मी वहीवर हात ठेवून लिहायला लागले की म्हणायची, "काय वो, परीक्षेत बसली का? मी कॉपी नाही करून राहिली तुही."

पण मी झाकतच राहिले. झालं असं होतं, की दुसऱ्या गावच्या कुणाचा तरी रेणू त्याच्याच शेजाऱ्यानं आधी छापून टाकला अशी बातमी लॅबमध्ये आली. खरी की खोटी, देव जाणे. मी मात्र कानाला खडा लावला. बाटल्यांवर खोटे नंबर टाकायला लागले. सरांना, कुरिअरला, रिपोर्टावर, सगळीकडे तेच खोटे नंबर; खरे फक्त एका डायरीत, डायरी कपाटात, कपाटाला माझं स्वतःचं कुलूप. तयार माल डब्यात घालून घरी न्यायचे आणि आईच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे ठेवायचे. ताकास तूर लागू द्यायची नाही, असा माझा बाणा.

आणि इथेच मी माती खाल्ली. माल शुद्ध करायचा म्हणजे कॉलम लावायचा, काचेची लांब नळी पांढऱ्या पावडरीनं भरायची आणि तिच्यातून तो थेंब थेंब उतरवायचा. दोन दोन दिवस लागतात. ती नळी सगळ्यांच्या समोर, सगळ्यांच्या हुडात, म्हणजे धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात, उभी करावी लागते. येणारा जाणारा बघणार, रंग बघणार, विचारणार. सतरा नंबरच्या रेणूच्या वेळी मी मनाशी म्हटलं, एवढी प्रदर्शनी कशाला? पाण्यानं दोनदा खळबळून घेतला, सुकवला, आणि डब्यात घालून घरी. माल जरा हिरवट होता. मी धरून चालले की याचा रंगच असा.

पेशींवर तपासायची सोय आमच्याकडे नव्हती. सगळं मोठ्या शहरातल्या एका लॅबला कुरिअरनं जायचं, आणि महिना दीड महिना आम्ही वाट बघायचो. रिपोर्टात एक आकडा येतो, अर्ध्या पेशी मारायला किती माल लागला तो. जितका लहान तितका चांगला. सतरा नंबरचा आकडा इतका लहान आला की सरांनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचला. त्यांनी सगळ्यांसाठी पंडरीच्या बाजारातून जिलब्या मागवल्या. मी घरी येऊन आईच्या गळ्यात पडले. बाबांनी त्या दिवशी कुलूप दोनदाच ओढलं!

जिलबी खाताना ती रिपोर्ट वाचत होती. शेवटच्या पानावर तिचं बोट थांबलं. तिथे निरोगी पेशींचा आकडा होता.

"हे तं सगळ्यायलेच मारून राहिलं वो," ती म्हणाली. "चांगल्या पेशीलेही. तांबं तं नाही राहिलं याच्यात? रंग पाह्यला होता का तू?"

मला इतका राग आला! जळते, असंच वाटलं. आणि दुसरंही वाटलं, की हिला रंग कसा माहीत? मी तर कुणाला दाखवला नव्हता. तिनं फक्त विचारलं होतं, पण माझ्या कानांनी तिच्या प्रश्नातून कबुली काढली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं पहारेकऱ्याच्या मनात काय असतं कोण जाणे. त्या दिवसापासून मी तिच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवायला लागले. डबा मात्र खात राहिले.

सरांनी सतरा नंबर पुन्हा, जास्त प्रमाणात बनवायला सांगितला. मी तुकडे जुळवले, आणि नेमकं बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. तीन दिवस मी दवाखान्यात. कच्चा माल हुडात पडलेला. परत येऊन बघते तो माल तयार, सुकवलेला, दुधासारखा पांढरा, बाटलीत भरून माझ्या टेबलावर.

"पडून खराब झाला असता म्हणून धुऊन ठेवला," ती म्हणाली. "अमोनियाच्या पाण्यानं चार खेपा धुतला. मग कॉलम केला."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. काहून?"

मी बाटली उचलली आणि कुरिअर केली.

पाच आठवड्यांनी रिपोर्ट आला. शून्य. पेशी मजेत होत्या, कॅन्सरच्याही आणि चांगल्याही. सरांनी रिपोर्ट उलटा करून टेबलावर ठेवला. माझा सगळा थिसिस सतरा नंबरवर उभा होता, आणि आता तो हवेत लोंबकळत होता. माझ्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. पहिला माल मी केला, चालला. दुसऱ्याला तिनं हात लावला, मेला. इतका सरळ हिशेब असताना आणखी काय पाहिजे?

संध्याकाळी सहाला ती निघाली. निघताना तिनं आपल्या फळीवरून एक छोटी बाटली उचलली आणि पटकन बॅगेत टाकली. मी पाहिलं. मी दारात आडवी उभी राहिले.

"बॅग दाखव."

तिला आधी गंमत वाटली. मग माझं तोंड पाहून तिचं हसू गेलं. तिनं बॅग पुढे केली नाही, मीच ओढली आणि चेन उघडली. लॅबमध्ये आणखी तिघं जण होते, सगळे थांबून बघायला लागले. डबे. ओढणी. बाटली. बाटलीत गडद निळं पाणी, आणि तिच्या अक्षरात चिठ्ठी: सतरा, धुण्याचं पाणी, पहिली खेप.

"तुह्या मालातून निघालं ते," ती म्हणाली.  "तांबं आहे याच्यात. इतकं तांबं होतं. पहिल्या मालातही असन. उद्या दुसऱ्या डिपार्टमेंटात नेऊन मोजून आणणार होती, मंग तुले सांगणार होती. नुसतं सांगितलं असतं तं तू मानलं असतं का?"

"तांबं तूच घातलं असशील," मी म्हटलं.

आजही हे वाक्य आठवलं की मान खाली जाते. संशयी माणसाला पुरावा देऊन काही उपयोग नसतो, तो पुराव्यालाच हातकडी घालतो. मी ती बाटली माझ्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं. तीनदा.

आणि एक गोष्ट सांगायची तर आताच सांगते, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही. त्या तीन दिवसांत लॅबमध्ये भिलाईचा एक मुलगा होता, तात्यापारा मोहल्ल्यातली, आमच्याच नात्यागोत्यातली एक मुलगी होती. हुडापाशी तेही येत जात होते. त्यांच्या बॅगा उघडाव्यात असं माझ्या मनात आलंसुद्धा नाही. तिचीच का उघडावीशी वाटली? मी स्वतःला खूप वर्षं सांगितलं की बाटली दिसली म्हणून. पण बाटली दिसायच्या आधीच मी ठरवलेलं होतं. आमच्या घरी कुणी नवीन आलं की आई पाणी द्यायच्या आधी आडनाव विचारायची, आणि मी त्याच घरची पोरगी आहे.

सरांनी ओरडाआरडा केला नाही. ते बाहेरचे, हिंदीतच बोलायचे. "मुझे किसी पे शक नहीं करना, मुझे शांति चाहिए," म्हणाले, आणि एप्रिल आला तेव्हा तिचा कागद ड्रॉवरमध्येच राहिला. जागा नाही, असं तिला सांगण्यात आलं. तिनं टेबल पुसलं, ॲप्रन घडी करून ठेवला आणि गेली. माझ्याकडे पाहिलंही नाही. दुपारी एकला मला सवयीनं भूक लागली आणि डबा नव्हता.

मे महिन्यात सर म्हणाले, पहिल्या मालातलं काही उरलं असेल तर तेच पुन्हा पाठवू. उरलं होतं. घरी, बरणीमागे. मी बाटली काढून ओट्यावर ठेवली आणि वजनाचा कागद आणायला वळले. आई चिंच घेऊन देवाची तांब्याची भांडी घासत होती. तिनं बाटली उजेडात धरली.

"हे कायचं वो, हिरवं हिरवं? तांब्याच्या भांड्यात ठेवलं होतं का? ताक राहिलं की असंच होते नं."

मी तिच्या हातातून बाटली घेतली. आईच्या बोटांवरून चिंचेचं हिरवं पाणी ओघळत होतं. दोन्ही रंग एकच होते. 

शनिवारी दुपारी लॅब रिकामी होती. मी चिमूटभर माल एका नळीत टाकला, थोडं पाणी, आणि वरून अमोनियाचे थेंब. बारावीला करतात तो प्रयोग. हलवलं. निळं झालं. आकाशी बिकाशी नाही, गडद निळं.

आणि या मालाला कुणाचा हात लागलेला नव्हता. केला मी, सुकवला मी, डब्यात घालून नेला मी. फ्रिज माझ्या घरचा, कुलूप माझं, किल्ली माझ्या पर्समध्ये. दुसऱ्या कुणावर ढकलायला मी जागाच ठेवली नव्हती. सतरा नंबरच्या रेणूनं आजवर एकही पेशी मारली नव्हती. जे काही मारलं ते तांब्यानं, जे मी चारचौघांत गाळायला नको म्हणून आत ठेवलं होतं.

मी बेसिनपाशी उभी राहिले. खोटं बोलत नाही, नळ सुरूसुद्धा केला. धुऊन टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं? माल संपला म्हटलं असतं. सरांनाही तो लहान आकडा हवाच होता. तीन वर्षं माझी, थिसिस माझा. मी रडत होते, आणि रडताना दुःख तिचं नव्हतं, माझंच होतं. मग कपाट उघडून तिची बाटली काढली, फक्त एकदा रंग बघावा म्हणून. पाणी थोडं फिकटलं होतं, पण निळंच होतं. चिठ्ठीवर सतरा लिहिलेलं. तिला माझा खरा नंबर माहीत होता. म्हणजे माझे खोटे नंबर तिनं केव्हाच ओळखले होते, आणि मला लाज वाटू नये म्हणून कधी बोलली नव्हती. मी नळ बंद केला.

सोमवारी दोन्ही बाटल्या सरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि सगळं सांगितलं. बॅगेचंही. त्यांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. मग ड्रॉवर उघडला आणि तिचा कागद बाहेर काढला. "तुम जाके बुलाओ," म्हणाले. "मैं नहीं बुलाऊँगा."

मी रेल्वे कॉलनीत गेले. बैठकीत भिंतीवर निळ्या कोटातली हार घातलेली तसबीर, खाली तिची पुस्तकं. दार तिच्या आईनं उघडलं. तिला काहीच माहीत नव्हतं. पोरीनं घरी एवढंच सांगितलं होतं की जागा संपली.

"ये नं बाई, किती दिवसांनी," म्हणत तिनं ताट आणलं. फरे. "तुलेच विचारीन म्हणत होती. काहून काढलं हिले? हात तं साफ आहे नं तिचा?"

"माझ्यामुळे काढलं, काकू," मी म्हटलं. "मी तिची बॅग उघडली."

काकूंना आधी समजलं नाही. मग समजलं.  ती आतल्या दारात येऊन उभी होती, सगळं ऐकलं होतं. मी माफी मागितली, पहिल्या मालाचं सांगितलं, सरांच्या सहीचं सांगितलं. तिनं एकच विचारलं.

"कोणत्या तारखेपासून यायचं?"

ती आली. नोंदणी झाली. तिच्या हाताखालून पुढे चांगले रेणू निघाले, आकडे लहान नव्हते पण खरे होते. माझाही थिसिस झाला, सतरा का मेला त्याच्या प्रकरणासकट. काकू डबा दोघींचा पाठवत राहिल्या, ती तो माझ्या टेबलावर ठेवायची, झाकण उघडून. वाटायचं, चला, सरलं.

पण संध्याकाळी सहा वाजले की ती माझ्या टेबलापाशी यायची. बॅग ठेवायची, चेन पूर्ण उघडायची आणि दोन्ही हात मागे बांधून उभी राहायची. पहिल्या दिवशी मी म्हटलं, अगं नको. दुसऱ्या दिवशी हात जोडले. तिसऱ्या दिवशी रडले. ती रागावलेली नसायची, घाईत नसायची. नुसती उभी. मी बघितल्याशिवाय ती घरी जायची नाही, आणि तिची बस सव्वासहाची असायची.

दोन वर्षं. दोन डबे, एक ओढणी. मी रोज वाकून बघायचे आणि म्हणायचे, "जा."